बंदूक कुठची होती?

रत्नागिरीत साहित्य शिकवणाऱ्याच्या वाट्याला जॉर्ज ऑर्वेलचा ‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’ हा १९३६ सालचा निबंध कधी ना कधी येतोच. मला तो शिकवायला आवडतो, आणि त्याला एक स्थानिक कारणही आहे. निबंधातली घटना ब्रह्मदेशात, मोलमीनला घडते. त्याच ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याचा राजवाडा आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. त्यामुळे साम्राज्य म्हणजे काय हे सांगायला फार लांब जावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी असाच तास चालू होता. माजावर येऊन गेलेला आणि आता शांतपणे गवत खाणारा हत्ती, मागे जमलेला दोन हजारांचा जमाव, आणि केवळ आपले हसे होऊ नये म्हणून त्या हत्तीवर गोळी झाडणारा गोरा पोलीस अधिकारी. सत्ता गाजवणारा माणूसच सत्तेच्या देखाव्यात कसा अडकतो, हे मी नेहमीच्या पद्धतीने उलगडून दाखवत होतो. तेवढ्यात लांजा तालुक्यातल्या एका वाडीतून येणाऱ्या, सहसा न बोलणाऱ्या मुलाने विचारले, “सर, बंदूक कुठची होती?” वर्ग हसला. बहुधा मीही हसलो. ‘इथे बंदूक हे सत्तेचे प्रतीक आहे, तिचा प्रकार महत्त्वाचा नाही,’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून मी पुढे सरकलो.

घरी येऊन निबंध पुन्हा उघडला आणि ओशाळलो. लेखकाने त्या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे, आणि तेही एकदा नव्हे. निघताना त्याच्या हातात .४४ विंचेस्टर आहे आणि हत्तीसाठी ती फारच तोकडी आहे, हे तो सुरुवातीलाच सांगतो. नंतर तो हत्ती मारायची मोठी रायफल मागवतो. तिच्यासोबत पाच काडतुसे येतात. मोठ्या रायफलीच्या तीन गोळ्यांनी हत्ती कोसळतो, पण मरत नाही. उरलेल्या दोन गोळ्याही जातात. मग तो आपली लहान रायफल मागवून गोळ्यांमागून गोळ्या झाडत राहतो आणि अखेर ते पाहवत नाही म्हणून निघून जातो. पुढे त्याला कळते की हत्तीला मरायला अर्धा तास लागला. हे असे का झाले, याचे कारणही निबंधातच आहे. मेंदू नेमका कुठे असतो हे त्याला माहीत नव्हते. कानाच्या छिद्रावर सरळ नेम धरायच्या ऐवजी त्याने त्याच्या काही इंच पुढे नेम धरला.

म्हणजे हत्यार योग्य होते, ज्ञान नव्हते, आणि मारण्याची गरजही उरलेली नव्हती. निबंधाचा सारा नैतिक भार या तीन गोष्टींवर उभा आहे. त्यांतली पहिली गोष्ट वगळून उरलेल्या दोन शिकवता येत नाहीत. लांज्याच्या मुलाने नेमक्या त्या पहिल्या गोष्टीवर बोट ठेवले होते, आणि मी तिला प्रतीक म्हणून मोकळा झालो होतो.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे. शिकारीच्या साहित्यात हत्याराची आणि काडतुसाची निवड हा सजावटीचा तपशील नसतो. समोरच्या जनावराविषयी माणसाला किती माहिती आहे आणि त्याच्या मरणाची जबाबदारी तो किती घेतो, याचे ते माप असते. आपण मराठी वाचक, अनुवादक आणि शिक्षक या तपशिलावरून सहज पुढे जातो, आणि त्याबरोबर बरेच काही गमावतो.

पहिली अडचण भाषेची आहे. छापील मराठीत ‘बंदूक’ हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. कोकणातल्या बोलीत मात्र तसे नाही. इथे ‘ठासणीची’ वेगळी. तिच्या नळीत तोंडाकडून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासायचे, केप बसवायची आणि एक बार काढायचा. तो फुकट गेला तर दुसरा बार भरेपर्यंत जनावर तुमच्या हातात नसते, किंवा तुम्ही त्याच्या तावडीत असता. ‘काडतुसाची’ वेगळी, आणि तिच्यात ‘दुनळी’ वेगळी. तिला ‘बारा बोअर’ म्हणतात, कारण नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून बहुधा छर्रे सुटतात आणि ते लांब जाता जाता पसरत जातात. रायफल आणखी वेगळी. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांमुळे एकच गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते आणि दूरवर नेम साधते. हे तीन प्रकार म्हणजे तीन वेगळी अंतरे, तीन वेगळ्या जखमा आणि तीन वेगळी धाडसे. तिन्हींना ‘बंदूक’ म्हणणे म्हणजे होडी, पडाव आणि गलबत यांना सरसकट ‘नाव’ म्हणण्यासारखे आहे.

आता मोठ्या आणि धोकादायक जनावरासाठी हत्यार निवडायचे म्हणजे काय करायचे, ते थोडक्यात पाहू. प्रश्न केवळ ताकदीचा नसतो. गोळीचे वजन, तिचा वेग, ती किती खोल जाते, आत गेल्यावर फुलते की अखंड राहते, बंदुकीचा धक्का खांद्याला सोसतो का, आणि दुसरी गोळी किती लवकर झाडता येते, हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. वाघ-बिबट्याचे अंग तुलनेने मऊ, म्हणून त्याच्यासाठी आत जाऊन फुलणारी गोळी. हत्ती-गव्याची हाडे आणि स्नायू जाड, म्हणून त्यांच्यासाठी न फुलता खोल घुसणारी भरीव गोळी. .४७० नायट्रो एक्सप्रेस या काडतुसाची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, आणि ती झाडणारी दुनळी रायफल पाच किलोच्या आसपास भरते. १९१२ साली आलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची नेहमीची गोळी सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची. आफ्रिकेतल्या काही देशांत धोकादायक जनावरांसाठी हीच किमान मर्यादा धरली जाते. याउलट जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी सात मिलिमीटरची, आणि तिची गोळी जेमतेम नऊ ग्रॅमची.

मग कॉर्बेटला हे कळत नव्हते का? उलट, त्यालाच सर्वांत जास्त कळत होते. स्कॉटिश शिकारी वॉल्टर बेल याने याच सात मिलिमीटरच्या काडतुसाने, पण भरीव गोळ्या वापरून, आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले. हत्तीची कवटी आतून कशी असते याचा त्याने अभ्यास केला होता. ज्ञान जितके पक्के, तितके लहान हत्यार पुरते. मात्र बेलचे उदाहरण सामान्य शिकाऱ्याने गिरवू नये, असेच जाणकार सांगत आले आहेत. बहुतेकांपाशी त्याचे ज्ञान नसते, फक्त त्याची रायफल असते. ऑर्वेल याच्या बरोबर उलट टोकाला उभा आहे. त्याच्यापाशी मोठी रायफल होती आणि ज्ञान नव्हते.

कॉर्बेटचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ साली मुंबईतूनच प्रकाशित झाले. त्यातली चंपावतच्या वाघिणीची कथा या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. १९०७ साली ती मारली गेली. शेवटच्या हाकाऱ्याला कॉर्बेटपाशी .५०० बोअरची दुनळी रायफल आणि अवघी तीन काडतुसे होती. ती संपली तरी जखमी वाघीण समोर उभीच. मग त्याने धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांत चांगलीच फट होती. झाडणाऱ्यालाच इजा व्हावी अशी तिची अवस्था. त्याने धरलेला नेमही चुकला. वाघीण मेली ती आधीच्या गोळ्यांनी. लेखकाने यातले काहीही लपवलेले नाही. तीनच काडतुसे घेऊन येणे ही स्वतःची चूक, हेही वाचकाला दिसू दिले आहे.

पण कथेचा गाभा त्याही पुढे आहे. मेलेल्या वाघिणीचे तोंड उघडून पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. बंदुकीच्या गोळीची ती जुनी जखम होती. नैसर्गिक भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष. म्हणजे या भयकथेची सुरुवात कुठल्यातरी अज्ञात माणसाच्या फसलेल्या गोळीपाशी आहे. त्याची बंदूक कुठची होती, त्याने किती अंतरावरून बार काढला, जखमी जनावराचा माग त्याने घेतला की नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही. ४३६ मृत्यूंच्या मागे मात्र तो माणूस उभा आहे. ‘बंदूक कुठची होती?’ हा प्रश्न मग भाबडा राहत नाही.

या शिकारीनंतर संयुक्त प्रांताचे नायब गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटला .२७५ रिग्बी भेट दिली. १९३० साली चौगढच्या वाघिणीशी अचानक गाठ पडली, तेव्हा हातात .२७५ रायफलच होती. डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. ती न टाकता, एकट्या उजव्या हाताने रायफल हळूहळू फिरवून त्याने काही फुटांवरच्या वाघिणीवर नेम धरला. पाच किलोच्या दुनळीने हे जमले नसते. रायफलीचे वजन आपण विसरलो की हा प्रसंग निव्वळ दैवाचा खेळ वाटू लागतो.

कल्पित साहित्यातही हेच. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर’ या १९३६ सालच्याच कथेत तीन हत्यारे आहेत. मॅकोम्बरपाशी .३०-०६ स्प्रिंगफील्ड, वाटाड्या विल्सनपाशी अजस्र .५०५ गिब्ज, आणि मोटारीत ठेवलेली हलकी ६.५ मॅनलिखर. मॅकोम्बरची गोळी सिंहाच्या कुशीत लागते आणि तिथून त्याच्या भेकडपणाची कथा सुरू होते. शेवटी त्याची बायको मॅनलिखर उचलून धावून येणाऱ्या रेड्याच्या दिशेने गोळी झाडते आणि ती नवऱ्याच्या डोक्यात लागते. हा अपघात की खून, यावर समीक्षकांनी पिढ्यान् पिढ्या वाद घातला. त्या वादात मॅनलिखर साक्षीला येते. रेड्यासाठी कोणी मुद्दाम निवडावी अशी ती रायफल नव्हे. पण मोटारीत हाताशी तीच होती. लेखकाने संशय आणि क्षमा या दोन्हींना जागा ठेवली ती हत्याराच्या निवडीतून. अनुवादात तिन्हींची ‘बंदूक’ झाली, तर कथेचा शेवट हातातून निसटतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बंदुकांच्या मापांत रस घेणे म्हणजे साहेबी शिकारीचा पुरुषी थाट मिरवणे नव्हे का? मला वाटते, तो थाट ओळखायचा असेल तर मापे माहीत हवीतच. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे बंद केले, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. ‘निधडा साहेब आणि भेदरलेले गावकरी’ हे शिकारकथांतले ठरीव चित्र या कायद्याने घडवलेले आहे. गावकरी भेदरलेला असेल, तर तो निःशस्त्र केला गेला होता म्हणून. त्याहून बोलकी गोष्ट .४५० या मापाची. १८९८ मध्ये आलेले .४५० नायट्रो एक्सप्रेस हे मोठ्या जनावरांसाठी नावाजलेले काडतूस. पण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५० मापाच्याच होत्या, आणि हा दारूगोळा बंडखोरांच्या उपयोगी पडेल अशी सरकारला धास्ती होती. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या मापाला हिंदुस्थानात बंदी झाली. बंदूक बनवणाऱ्यांनी मग .४६५, .४७० अशी मापे पुढे आणली. वाघावर रोखलेल्या रायफलीच्या नळीचा व्यासदेखील प्रजेच्या भीतीने ठरला होता. वसाहतोत्तर समीक्षेला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, तरी लष्करी .३०३ सामान्य परवानाधारकाला वर्ज्यच राहिली. म्हणून आपल्याकडे सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल आणि बारा बोअर यांचाच प्रसार झाला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शौकाची शिकार संपली. आज वाघ, बिबट्या वा गवा मारायचा तर तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरल्याचे मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी नमूद करावे लागते. हे योग्यच झाले. मी इथे कोणाला शिकारीला निघायला सांगत नाही.

पण प्रश्न संपलेला नाही. बिबट्या कोकणात गावाच्या पांदीपर्यंत येतो आणि वारंवार विहिरीत पडतो. सह्याद्रीवरचा गवा खाली बागायतीत उतरतो. रानडुकरे एका रात्रीत भातशेती उलथून टाकतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या बंदुका आहेत, त्यांत ठासणीच्या पुष्कळ. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात आणि शेतकरी हवालदिल होतो. त्याची बाजू खरी आहे. आणि त्याच वेळी हेही खरे आहे की ठासणीच्या बंदुकीतून अंधारात, अंदाजाने सुटलेले छर्रे जनावराला पुष्कळदा मारत नाहीत, अधू करतात. ते अधू जनावर मग दुसऱ्या कोणाच्या तरी वाटेत येते. चंपावतचे तुटलेले सुळे आपल्यापासून दिसतात तितके दूर नाहीत.

अशा वेळी सार्वजनिक भाषा कशी वागते, ते आपण २०१८ च्या नोव्हेंबरात पाहिले. यवतमाळ जिल्ह्यात ‘अवनी’ या वाघिणीला गोळी घालण्यात आली. ‘नरभक्षक’ आणि ‘माता’ या दोन शब्दांत महाराष्ट्र विभागला गेला. खरा प्रश्न मात्र तपशिलाचा होता. बेशुद्धीच्या औषधाची सुई आधी लागली की गोळी, कोणी आणि कशातून झाडली, तेव्हा जनावर कोणत्या स्थितीत होते? भावनेचे दोन्ही शब्द त्या तपशिलापुढे अपुरे होते. साहित्याचा अभ्यास माणसाला काही शिकवत असेल, तर तो अशा वेळी नेमके विचारायला शिकवतो, असे मी आजवर समजत आलो. वर्गात मात्र नेमके विचारणाऱ्याला मीच गप्प केले होते.

व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते. पुढे बंदूक बाजूला ठेवून ते वही घेऊन नागझिऱ्याच्या जंगलात राहिले. त्यांच्या गद्यातला नेमकेपणा हा मला नेहमी शिकाऱ्याच्या शिस्तीचा वारसा वाटतो. वारा कुठला, अंतर किती, जनावराचे तोंड कुणीकडे, हे पाहिल्याशिवाय वाक्य सुटत नाही. बंदूक सुटली तरी ही सवय राहिली. आपण बंदुकीबरोबर ही सवयही टाकून दिली आहे की काय, अशी मला शंका येते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. शिकारीचे साहित्य मराठीत आणताना मापे आणि प्रकार गाळू नयेत. जिथे मराठी शब्द हवा तिथे शब्दकोशाआधी एखाद्या वाडीत जाऊन विचारावे. ठासणी, केप, गज, दुनळी, बार हे शब्द तिथे अजून जिवंत आहेत. हाकाऱ्याच्या ज्या आठवणी म्हातारी माणसे सांगतात, त्या ध्वनिमुद्रित करून अभ्यासाव्यात. त्यांत बढाई असेल, पण चुकलेल्या बाराची कबुलीही असेल, आणि ती अधिक मोलाची. वर्गात ऑर्वेल वा कॉर्बेट शिकवताना आधी हत्याराचे वर्णन वाचावे, मग प्रतीकाकडे वळावे.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला बोलावून त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. .४४ विंचेस्टर, मग मोठी रायफल, पाच काडतुसे, कानाच्या पुढे धरलेला नेम, हे सगळे सांगितले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “सर, म्हणजे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.” त्याच्या वडिलांची ठासणीची बंदूक तेव्हा निवडणुकीमुळे ठाण्यात जमा होती. ती हाताळायला त्याला आजोबांनी शिकवले होते. जनावर नीट दिसल्याखेरीज चापाला बोट लावायचे नाही, हा त्यांचा पहिला धडा. ऑर्वेलवरच्या माझ्या टिपणवहीत आता हे वाक्य आहे.